अंदाज साऱ्यांना, खिडकी मोजक्यांना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

आजचा विषय हवामानाचा आहे. राजकीय कार्यकर्त्यांच्या वर्गात हवामानाचे काय काम, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर तो अस्थानी म्हणता येणार नाही. हवामानखात्याचा अंदाज ही वर्तमानपत्राच्या एका कोपऱ्यातली बाब. ती वाचून माणूस छत्री घ्यावी की नाही एवढे ठरवतो आणि पान उलटतो. परंतु २०२० च्या सप्टेंबर महिन्यातले अमेरिकेतील काही दिवस असे आहेत की त्या दिवसांचा हवामानाचा नकाशा हा त्या समाजाचाही नकाशा ठरावा.

त्या नकाशाच्या डाव्या अंगाला, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर, कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही तीन राज्ये वणव्यांनी पेटलेली होती. उजव्या अंगाला अटलांटिक महासागरात १४ सप्टेंबर रोजी पॉलेट, रेने, सॅली, टेडी आणि विकी अशी पाच चक्रे एकाच वेळी फिरत होती. असा प्रसंग त्यापूर्वी १९७१ मध्येच एकदा नोंदला गेला होता. त्या वर्षी वादळांना द्यावयाची ठरलेली नावे सप्टेंबरातच संपली आणि उरलेल्यांना अल्फा, बीटा अशी ग्रीक अक्षरे देण्याची पाळी आली. हंगामअखेर नामकरण झालेली वादळे तीस भरली. पुढे २०२१ मध्ये जागतिक हवामान संघटनेने ग्रीक अक्षरांची ही पद्धतच बंद केली, कारण नावांच्या गोंधळात मूळ इशारा हरवू लागला होता.

या दोहोंच्या मध्ये, पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूयॉर्कसारख्या शहरातील नागरिकाला त्या आठवड्यात जो अंदाज ऐकावयास मिळाला त्याचा आशय साधारण असा होता: पाऊस नाही, ऊन पडेल, मात्र आकाश दुधाळ दिसेल, पश्चिमेकडील वणव्यांचा धूर उंचावरून वाहत आहे, वादळे दूर समुद्रात आहेत. चार हजार किलोमीटरांवरचे अरण्य जळत होते आणि येथे त्याचा परिणाम काय, तर सूर्य जरा तांबूस, निस्तेज दिसत होता. हाच धूर पुढे अटलांटिक ओलांडून युरोपच्या आकाशापर्यंत गेला. ज्याच्या डोक्यावरून तो गेला त्याला तो एक नवलाचा देखावा वाटला.

धूर डोक्यावरून जातो की अंगणात उतरतो, यावर येथे सारे अवलंबून असते. उंचावरचा धूर आकाशाचा रंग बदलतो, जमिनीलगतचा धूर छातीत जातो. ९ सप्टेंबरला सॅन फ्रान्सिस्को शहरात भरदिवसा नारिंगी अंधार पडला, रस्त्यावरचे दिवे लागले आणि त्या दृश्याची छायाचित्रे जगभर गाजली. वस्तुतः त्या दिवशी तेथील जमिनीलगतची हवा तितकी वाईट नव्हती, कारण समुद्रावरून आलेल्या थंड हवेच्या थराने धुराला वरच अडवून धरले होते. त्यानंतरच्या दिवसांत आकाश नुसतेच करडे, नीरस झाले, छायाचित्र घ्यावे असे काही उरले नाही, आणि हवा मात्र खरोखर विषारी झाली. ओरेगनमधील पोर्टलंड हे त्या आठवड्यात जगातील मोठ्या शहरांपैकी सर्वांत दूषित हवेचे शहर ठरले. वणव्याच्या धुरातील जे कण सर्वाधिक घातक, ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. माणसाचा केस त्यांच्या सुमारे तीसपट जाड असतो. नाकातले केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळापर्यंत आणि तेथून रक्तात जातात.

ही वादळे आणि हे वणवे यांचा एकमेकांशी संबंध काय, असे सामान्य माणसाला वाटेल. संबंध आहे आणि तो मोठा उद्बोधक आहे. ऑगस्टच्या मध्यावर पॅसिफिकमधील फॉस्टो नावाच्या एका क्षीण वादळाची ओल उत्तरेकडे सरकून कॅलिफोर्नियावर आली. तेवढ्या ओलीने पाऊस पडला नाही, विजा मात्र हजारोंनी पडल्या आणि शेकडो वणवे लागले. त्यांपैकी एकट्या 'ऑगस्ट कॉम्प्लेक्स' या वणव्याने पुढे दहा लाख एकरांहून अधिक क्षेत्र जाळले. नंतर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या प्रारंभापर्यंत कोरियाच्या बाजूला बावी, मायसाक आणि हायशेन ही तीन टायफून वादळे सुमारे दोन आठवड्यांच्या आत आदळली. त्यांनी वरच्या थरातील वाऱ्याच्या प्रवाहाला असा हेलकावा दिला की त्याची लाट महासागर ओलांडून अमेरिकेत पोहोचली. ५ सप्टेंबरला १०१ अंश फॅरनहाइटमध्ये होरपळणाऱ्या डेन्व्हर शहरात ८ तारखेला बर्फ पडला, आणि त्याच वेळी ओरेगनच्या डोंगरांवरून कोरडा पूर्ववारा सोसाट्याने सुटून लहानसहान आगी गावांवर धावून आल्या. कोरियाच्या समुद्रातले वादळ आणि ओरेगनमधील एका मजुराचे जळालेले घर यांच्यामध्ये अशी अखंड साखळी आहे.

ही साखळी आज उलगडून सांगता येते, ही मानवी बुद्धीची थोर कमाई होय. ती कमाई सार्वजनिक पैशाने झाली आहे हेही विसरता कामा नये. अमेरिकेतील हवामानसेवा १८७० पासून सरकारी आहे. धूर कोठे जाईल याचा तासातासाचा अंदाज देणारी संगणकीय पद्धत २०२० मध्ये अजून प्रायोगिक अवस्थेत होती, त्या वर्षाच्या डिसेंबरात ती नियमित सेवेत दाखल झाली. उपग्रह आगीची धग मोजतो, त्या धगेवरून धुराचा अदमास घेतला जातो आणि तो वाऱ्याच्या गणितात मिसळला जातो. हे सारे ज्ञान कोणालाही फुकट मिळते. सार्वजनिक मालकी म्हणजे आळस आणि गलथानपणा असे ज्यांना उठताबसता सांगावयाचे असते, ते सकाळी बाहेर पडण्यापूर्वी याच सरकारी खात्याचा अंदाज पाहतात! २०२५ मध्ये याच खात्यातील शेकडो कर्मचारी कमी करण्यात आले आणि काही केंद्रांवरून आकाशात बलून सोडण्याचे रोजचे कामही आखडते घ्यावे लागले. काटकसरीचा हा प्रकार ज्यांना सुचला, त्यांची घरे वादळाच्या वाटेवर नसावीत.

ज्ञान असून ते मानावयाचे नाही, याचेही जुने उदाहरण त्याच भूमीत आहे. १९०० साली क्यूबा अमेरिकन लष्कराच्या ताब्यात होता. हवानाच्या वेधशाळेतील जेझुइट पाद्री आणि त्यांचे क्यूबन सहकारी वादळांच्या अभ्यासात निष्णात होते. परंतु वॉशिंग्टनमधील हवामानखात्याच्या वरिष्ठांना हे 'नेटिव' लोकांचे अंदाज म्हणजे निष्कारण घबराट वाटत असे, आणि त्यांनी क्यूबातून हवामानाच्या तारा पाठवण्यावर बंदी आणवली. त्या सप्टेंबरात वादळ मेक्सिकोच्या आखातात शिरेल असे क्यूबन निरीक्षकांचे मत होते, अमेरिकन खात्याच्या मते ते फ्लोरिडाकडून वर वळणार होते. ८ सप्टेंबरला ते टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन बंदरावर आदळले. तेथे निदान सहा हजार माणसे मेली. वसाहतवादाचा अहंकार शास्त्रालाही कसा आंधळा करतो याचा दाखला शोधावयाचा तर यापलीकडे जाण्याचे कारण नाही.

एकशेवीस वर्षांनंतर चित्र पालटले आहे. अज्ञानाची सबब आता कोणापाशी उरलेली नाही. धूर येणार हे दोन दिवस आधी कळते, वादळ कोठे चढणार हे तीन-चार दिवस आधी कळते. तेव्हा कळल्यावर काय करावयाचे आणि ते कोणाला करता येते, हा आजचा प्रश्न आहे. धुराच्या इशाऱ्याखाली नेहमी एक उपदेश छापलेला असतो: घरात थांबा, खिडक्या बंद ठेवा, श्रमाची कामे टाळा. उपदेश शास्त्रशुद्ध आहे. परंतु तो लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जो नागरिक होता, त्याला घर आहे, त्या घराच्या खिडक्या नीट मिटतात, आतली हवा गाळणारे यंत्र आहे, आणि एक दिवस कामावर न गेल्याने त्याची चूल विझत नाही. ज्याचे कामच श्रमाचे, त्याने श्रमाची कामे कशी टाळावीत?

कॅलिफोर्नियात तो सप्टेंबर द्राक्षांच्या तोडणीचा होता. नापा आणि सोनोमा या खोऱ्यांतील द्राक्षे मद्यासाठी जगप्रसिद्ध आहेत. ती तोडणारे मजूर बहुतांशी मेक्सिकोतून आलेले, त्यांतही कित्येक ओहाकासारख्या प्रांतांतील आदिवासी. बरेच जण कागदपत्रांविना राहणारे, म्हणून त्या साथीच्या वर्षी संघराज्य सरकारने नागरिकांना जी रोख मदत वाटली तिच्यातून वगळलेले आणि बेकारभत्त्यालाही अपात्र. वणव्यामुळे सोनोमातील जे भाग रिकामे करण्याचा हुकूम झाला होता, तेथेही मळेवाल्यांना पीक काढण्यासाठी खास परवाने देण्यात आले आणि ज्या रस्त्याने रहिवासी बाहेर पडत होते त्याच रस्त्याने मजुरांच्या गाड्या आत गेल्या. काम पुष्कळदा उक्त्या दराने, जितके तोडाल तितके पैसे. जाड मुखपट्टीतून श्वास घेत हात मंदावले की मजुरी घटते. आणि मुखपट्ट्या होत्या तरी कोठे? साथीमुळे एन-९५ पट्ट्या इस्पितळांनाही पुरत नव्हत्या.

याच हंगामातली एक गोष्ट सांगितली की पुढचे भाष्य करण्याची गरज राहत नाही. धुरामुळे द्राक्षांत राखेचा वास उतरतो आणि मद्य बिघडते. त्यामुळे मळेवाल्यांनी द्राक्षांचे नमुने रसायनशाळांकडे इतक्या संख्येने धाडले की अहवालासाठी आठवडेच्या आठवडे थांबावे लागत होते. द्राक्षाच्या सालीत धूर किती शिरला याची मोजणी अशी तत्परतेने झाली. द्राक्ष तोडणाऱ्याच्या छातीत किती शिरला, ते मोजण्यासाठी कोणी रांग लावली नव्हती.

इकडे ओरेगनमध्ये ८ सप्टेंबरला टॅलेंट आणि फिनिक्स या दोन छोट्या गावांतून आग गेली. अडीच हजारांच्या आसपास घरे जळाली. त्यांतली मोठी संख्या चाकांवरून आणून मांडलेल्या तयार घरांच्या वसाहतींतली होती. त्या वसाहतींत राहत होते फळबागांतले मजूर आणि निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध. घर मालकीचे, खालची जमीन भाड्याची, विमा तुटपुंजा किंवा नाहीच. इशारा देण्याची यंत्रणा होती, परंतु त्या दिवशी जिल्ह्यात रेडिओ-दूरदर्शनवरून द्यावयाची आपत्कालीन सूचना दिलीच गेली नाही. लोकांना कळले ते शेजाऱ्यांच्या हाकांनी आणि धुराच्या वासाने.

आणि ही आग विझवावयास कोण गेले? पगारी जवानांबरोबर कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांतील कैदीही. १९४० च्या दशकापासून तेथे कैद्यांच्या अग्निशमन छावण्या आहेत. २०२० मधला त्यांचा मोबदला दिवसाला सुमारे तीन ते पाच डॉलर आणि प्रत्यक्ष आगीसमोर असताना ताशी एक डॉलर जादा असा होता. शिक्षा भोगून बाहेर आल्यावर मात्र याच माणसांना गुन्ह्याच्या नोंदीमुळे अग्निशमन दलात नोकरी मिळणे जवळजवळ अशक्य होते. ११ सप्टेंबर २०२० रोजी, धुराच्या ऐन गर्दीत, नोंद पुसून घेण्याची वाट मोकळी करणारा कायदा झाला. आगीसमोर असतानाच्या तासांना संघराज्याच्या किमान वेतनाइतका दर देण्याचा कायदा व्हावयास २०२५ उजाडले.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निसर्ग गरीब-श्रीमंत पाहत नाही, डोंगरावरचे धनिकांचे बंगलेही जळतात, असे म्हटले जाते. ते खरे आहे. वणवे वाढले त्याची सारी कारणे एका वर्गाच्या माथी मारता येणार नाहीत हेही खरे. हवा तापली आहे. शिवाय शंभर वर्षे प्रत्येक आग तात्काळ विझवण्याचे धोरण राबवल्याने जंगलात वाळलेला पालापाचोळा साठत गेला. ठरलेल्या ऋतूत मर्यादित जाळ लावून जंगल मोकळे ठेवण्याची करुक, युरोक यांसारख्या आदिवासींची रीत सरकारने गुन्हा ठरवली होती. आता त्यांचाच सल्ला विचारला जात आहे. परंतु २०१८ मध्ये पॅराडाइज गाव जाळून ८५ माणसांचा बळी घेणारी आग आकाशातून पडली नव्हती. ती लागली जवळजवळ शंभर वर्षे जुन्या वीजवाहिनीचा एक झिजलेला आकडा तुटून. त्या वाहिनीची मालक असलेल्या खाजगी वीजकंपनीने जून २०२० मध्ये न्यायालयात अनैच्छिक मनुष्यवधाच्या ८४ गुन्ह्यांची कबुली दिली. कंपनीला तुरुंगात घालता येत नाही, म्हणून तिला दंड झाला. आपल्या जुन्या बखरकारांनी अस्मानी आणि सुलतानी असे संकटाचे दोन प्रकार सांगितले, त्यात ही तिसरी 'कंपनी'ची जात घालावी लागेल.

मग मजुरांच्या बाजूने काहीच घडले नाही काय? घडले, आणि कसे घडले ते कार्यकर्त्यांनी लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाच्या व्हेंच्युरा जिल्ह्यात थॉमस नावाचा वणवा लागला. ऑक्सनर्डच्या मळ्यांत स्ट्रॉबेरी तोडणारे मजूर राखेच्या पावसात वाकून काम करीत राहिले. सरकारी सूचना प्रारंभी इंग्रजीत, आणि मजुरांपैकी कित्येकांना तर स्पॅनिशही धड येत नव्हते, त्यांची भाषा मिश्तेक. अशा वेळी मिश्तेक-सापोतेक मजुरांच्या संघटनेने चालवलेले 'रेडिओ इंदिहेना' हे छोटे केंद्र पुढे आले. आग कोठे आहे, निवारा कोठे आहे, पट्टी कशी बांधावी, हे तेथून लोकांच्या बोलीत सांगितले गेले आणि कार्यकर्ते मळ्यामळ्यांत जाऊन मुखपट्ट्या वाटत फिरले. पट्ट्या देणे हे मालकाचे काम आहे ही गोष्ट त्या वाटपातूनच मजुरांच्या ध्यानात आली. पुढच्या वर्षी कामगार संघटनांनी राज्याच्या सुरक्षा मंडळाकडे अर्ज केला आणि जुलै २०१९ मध्ये देशातला तशा प्रकारचा पहिला नियम झाला. हवेचा निर्देशांक १५१ किंवा त्याहून अधिक झाला की मालकाने शक्य तर काम हलवावे किंवा बदलावे, मुखपट्ट्या द्याव्यात आणि धोका मजुराला समजेल अशा भाषेत समजावून सांगावा. २०२० च्या धुरानंतर ओरेगन आणि वॉशिंग्टनमध्येही असे नियम आले. संघराज्याचा असा नियम अद्याप नाही.

नियमाची मर्यादाही सांगितली पाहिजे. हवा कितीही बिघडली तरी काम थांबवलेच पाहिजे असे तो म्हणत नाही, आणि थांबल्यास त्या दिवसाची मजुरी कोण देणार याविषयी तो मुका आहे. मुखपट्टी मिळाली, भाकरीची हमी मिळाली नाही. म्हणून मजूर धुरातही मळ्यात जातो आणि त्याने स्वतःच्या मर्जीने काम केले अशी नोंद होते.

२०२३ मध्ये मात्र न्यूयॉर्कचे नशीब पालटले. कॅनडातील क्वेबेकच्या वणव्यांचा धूर ७ जून रोजी या वेळी डोक्यावरून न जाता थेट रस्त्यांवर उतरला. आकाश नारिंगी झाले, हवेचा निर्देशांक चारशेच्या वर गेला. नागरिकांनी शहाणपणाने उपदेश पाळला, घरात बसून जेवण मागवले, आणि ते सायकलीवरून पोहोचवावयास स्थलांतरित तरुण धुरात फिरत राहिले. एकाच्या बंद खिडकीची किंमत दुसऱ्याने श्वासाने मोजली. त्यानंतर चार दिवसांनी, ११ जूनला, या पोहोचवणाऱ्यांसाठी तासाच्या किमान वेतनाचा नियम नगरपालिकेने जाहीर केला. तो धुरामुळे झाला असे नाही, त्यामागे त्यांच्या संघटनेची काही वर्षांची खटपट होती. त्यावरही कंपन्या न्यायालयात गेल्या आणि अंमलबजावणी डिसेंबरपर्यंत रखडली.

हे सारे दूरदेशीचे, असे म्हणून मुंबईतल्या श्रोत्याने सुटका करून घेऊ नये. मे २०२१ मध्ये अरबी समुद्रात तौक्ते चक्रीवादळ आले. आपल्या हवामानखात्याने ते कित्येक दिवस आधी सांगितले होते आणि अंदाज अचूक ठरला. कोकणातल्या मच्छीमारांना परत बोलावण्यात आले. परंतु मुंबई हायच्या तेलक्षेत्रात काम करणाऱ्या मजुरांची पी-३०५ ही बार्ज बंदरात आली नाही, समुद्रातच नांगरून राहिली. तिच्यावर २६१ माणसे होती, बहुतेक कंत्राटी: वेल्डर, फिटर, रंगारी, स्वयंपाकी. वादळात नांगर तुटले, बार्ज भरकटून आदळली आणि १७ मेच्या संध्याकाळी बुडाली. नौदलाच्या जहाजांनी खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना जिवंत काढले. बाकीच्यांची प्रेते नंतरचे कित्येक दिवस मिळत राहिली, काही तर पार रायगड आणि गुजरातच्या किनाऱ्याला लागली. ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांना मुंबईच्या रुग्णालयात येऊन रक्ताचे नमुने द्यावे लागले. बार्ज बंदरात आणावयाची की तेथेच ठेवावयाची, हे ठरवताना त्या २६१ पैकी वेल्डिंग करणाऱ्या, रंग देणाऱ्या, भात शिजवणाऱ्या कोणालाही विचारण्यात आले नव्हते.